खोली नंबर एकोणीस

“माणूस या पृथ्वीवर पाहुणा म्हणून येतो, पाहुणा म्हणून राहतो आणि पाहुणा म्हणूनच निघून जातो. कायमची असते ती फक्त खोली.”

हे वाक्य मॅनेजरनं काउंटरच्या मागे उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, इतक्या भारदस्त आवाजात उच्चारलं की समोर उभा असलेला सात नंबरचा पाहुणा क्षणभर अंतर्मुख झाला. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता, आणि मानेला लावलेला साबण वाळून पापडी धरत होता.

“ते बरोबर आहे हो,” पाहुणा म्हणाला, “पण बाथरूममध्ये मग नाहीये.”

मग नसणं ही या लॉजमध्ये नवी गोष्ट नव्हती. खोल्या अठरा होत्या आणि मग सतरा. अठरावा मग सहा वर्षांपूर्वी फुटला होता. मालकांचं म्हणणं असं की अठराच्या अठरा खोल्या एकदम भरल्या की त्या दिवशी नवा घेऊ. तसा दिवस अजून उगवला नव्हता. तोपर्यंत रिकाम्या खोलीतला मग भरलेल्या खोलीत जायचा, आणि हे स्थलांतर इतकं सुरळीत चालायचं की कुणाला पत्ता लागायचा नाही. कधीमधी गफलत व्हायची ती अशी.

“मावशी,” मॅनेजरनं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “बारा नंबर रिकामा आहे ना? तिथला मग सातमध्ये द्या.”

“आणि बाराला कुणी आलं म्हणजे?” वरून आवाज आला.

“आलं म्हणजे बघू.”

मावशी म्हणजे बावीस वर्षं इथल्या खोल्या करणारी बाई. ती खरं तर कुणाचीच मावशी नव्हती आणि म्हणून सगळ्यांची होती. मॅनेजरला उलट उत्तर देण्याचा हक्क अख्ख्या लॉजमध्ये फक्त तिला होता आणि तो ती रोज नेमानं बजावायची.

लॉज बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर होतं. तीन मजले, एक जिना, आणि जिन्याशेजारी ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी. लिफ्ट कधी नव्हतीच, पण पाटीमुळे इमारतीला दर्जा येतो असं मालकांना वाटायचं. मॅनेजर इथे एकतीस वर्षांपूर्वी पाहुणा म्हणूनच आला होता. कुठल्याशा कचेरीत नोकरीसाठी मुलाखत होती. चार नंबरमध्ये एक रात्र राहिला, मुलाखतीत पडला, आणि जाताना काय वाटलं कुणास ठाऊक, अंथरूण आवरून, चादरीचे कोपरे दुमडून, बादली उपडी घालून खाली आला. मालकांच्या वडलांनी वर जाऊन खोली पाहिली आणि खाली येऊन विचारलं, “उद्यापासून येतोस का?” तो आला तो आलाच. नातेवाईक म्हणायचे, पोरगा मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे ज्याला सगळे साहेब म्हणतात आणि ज्याच्याकडे सगळे साबण मागतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण त्यानं ते घरी सांगितलं नाही.

एका कामात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते म्हणजे खोली करणं. केर काय कुणीही काढतं. खोली करणं म्हणजे आधीचा माणूस त्या खोलीतून पुरता काढून टाकणं. मोरीच्या जाळीतले केस, आरशावर उडालेले पेस्टचे ठिपके, ड्रॉवरच्या मागच्या कोपऱ्यात अडकलेली गोळ्यांची रिकामी पट्टी, गादीत पडलेला खळगा. गादी उलटायची, खिडक्या उघडायच्या, चादर ताणायची, पायथ्याशी टॉवेलची चौकोनी घडी, पेल्यावर पालथी बशी. बावीस मिनिटं. त्याच्यापेक्षा कमी वेळ लागला तर काहीतरी राहिलं, आणि जास्त लागला तर कुणीतरी गप्पा मारल्या.

हे झालं की शेवटी तो स्वतः आत जायचा, दार लोटायचा, खुर्चीवर बसायचा आणि खोलीला मनातल्या मनात विचारायचा, ‘कोण होतं इथे?’ खोली गप्प राहिली की खोली झाली. कधी कधी खोली बोलायची. ‘विडी ओढणारा,’ म्हणायची, किंवा ‘रडकं मूल’. मग मावशींना हाक जायची आणि मावशी बडबडत पुन्हा फडकं घेऊन यायच्या.

जे पाहुण्यांकडून राहायचं ते जिन्याखालच्या कपाटात जायचं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: खोली नंबर, तारीख, वर्णन, कुणाला सापडली. मुदत नव्वद दिवस. नव्वदाव्या दिवशी सकाळी कपाट उघडायचं आणि ज्यांचे दिवस भरले त्या वस्तू काढून टाकायच्या. त्याआधी कुणी न्यायला आलं तर त्यानं आधी वर्णन सांगायचं, मगच कपाटाला किल्ली लागायची. हे दोन्ही नियम मॅनेजरनं स्वतः केलेले होते आणि ते त्यानं कुणासाठी वाकवले नव्हते. एकदा मालकांचे मेहुणे विसरलेला कोट न्यायला आले. त्यांना ‘काळा’ एवढंच सांगता आलं. बटणं किती, अस्तर कसलं, काही येईना. तासभर उभे राहिले आणि हात हलवत गेले. एक्क्याण्णवाव्या दिवशी तो कोट मावशींच्या जावयाच्या अंगावर होता. मेहुणे अजून मॅनेजरशी बोलत नाहीत आणि जावई अजून कोट काढत नाही. कपाटात एक वरच्या दातांची कवळीही येऊन गेली. तिच्या मालकाला फोन केला, तर त्यानं बोबड्या आवाजात सांगितलं की ती माझी नाही.

त्या दिवशी मग सातमध्ये गेला, सात नंबरचा साबण धुतला गेला, आणि दुपारी काउंटरवरचा फोन वाजला.

“एक खोली हवी होती,” बाईचा आवाज. “आज संध्याकाळपासून. एक रात्र.”

दुसऱ्या शब्दालाच त्यानं आवाज ओळखला होता. पण एकतीस वर्षांची जीभ आपलं काम करून मोकळी झाली.

“नाव?”

मग तिनं आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. आडनाव त्याचंच होतं. त्यानं तरीही स्पेलिंग विचारलं. तिनं तेही एकेक अक्षर करून सांगितलं आणि फोन ठेवला.

लेक येत होती. घरी येत नव्हती, लॉजवर येत होती.

त्याचं कारण असं. मॅनेजरचं घर दोन गल्ल्या पलीकडे, दोन खोल्यांचं. त्यात त्याची बायको अठ्ठावीस वर्षं राहिली, आणि ती जिथे बसायची तिथे काहीतरी ठेवून उठायची. चष्मा फ्रीजवर, कंगवा खिडकीत, शब्दकोड्याची वही भांड्यांच्या फडताळात. “तुमच्या लॉजमध्ये मी एक दिवस राहिले ना,” ती म्हणायची, “तर मावशी नोकरी सोडून जातील.” तो रोज सगळं उचलून जागेवर ठेवायचा आणि ती रोज ते जागेवरून काढायची. संसार म्हणून पाहिलं तर तो बरा चालला होता.

मग ती आजारी पडली आणि आठ महिने आतल्या खोलीत पडून राहिली. लेक लांबच्या शहरात नोकरीला. येऊन जाऊन असायची. आई तिला फोनवर सांगायची, “मी बाराच्या आत खोली सोडणार बघ. नाहीतर तुझे बाबा दार वाजवायला येतील.” लेक हसायची आणि मग बराच वेळ तिचं नाक चोंदलेलं ऐकू यायचं.

गेली ती अकरा चाळीसला. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं. ते त्यानं सवयीनं पाहिलं होतं, पण पाहिलं खरं.

लेक पोचली ती तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. आईचं तोंड काही तिला दिसलं नाही. निदान खोली तरी दिसेल, अशा घाईनं ती चपला न काढता आत गेली. आणि आत खोली तयार होती.

स्मशानातून सगळे आपापल्या घरी पांगल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मॅनेजर उठला होता, आणि हातांना दुसरं काही येत नसल्यामुळे त्यानं खोली केली होती. बावीस मिनिटांचं काम, त्याला चार तास लागले. गादी उलटली, औषधाचा वास जावा म्हणून भिंतीसुद्धा पुसल्या. चादर ताणली. पायथ्याशी टॉवेलची चौकोनी घडी. पेल्यावर पालथी बशी. मग तो खुर्चीवर बसला. खुर्चीवर बसून काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

लेक दारात उभी राहिली. “आईची खोली कुठंय?”

“हीच की.”

“तिचं सामान?”

“ठेवलंय.”

“कुठे?”

छत्र्या, चार्जर आणि एकेकटे मोजे यांच्या शेजारी, जिन्याखाली, हे पोटच्या पोरीला कसं सांगायचं? “जागेवर आहे,” तो म्हणाला.

तिनं कपाट उघडलं. रिकामं. ड्रॉवर ओढला. रिकामा, आणि मागचा कोपरासुद्धा पुसलेला. तिला जे समजायचं ते ती समजली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही आईचं चेक-आउट केलंत.”

दोन दिवस राहून ती गेली. त्यानंतर दर रविवारी फोन. “जेवलात का?” “जेवलो. तू?” “जेवले.” असे बारा रविवार झाले होते.

दुपारपासून मॅनेजरनं बारा नंबर तीनदा तपासला. बारा नंबर मागच्या बाजूला होता, तिथे बसचे भोंगे ऐकू येत नाहीत. उशा बदलल्या, पडद्याची निघालेली कडी लावली, खिडकीची कुरकुरणारी बिजागरी तेल घालून गप्प केली. मावशी दाराला टेकून पाहत होत्या.

“कोण मंत्री येतायत का?”

“लेक येतेय.”

“इथे?”

“इथे.”

मावशींनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं. मग विषय बदलावा तसं म्हणाल्या, “उद्या नव्वद होतात, आठवण आहे ना?”

“कसले?”

“एकोणीस नंबरचे.”

“मावशी, आपल्याकडे खोल्या अठराच आहेत.”

“तेच म्हणते मी. मला मोजता येतं. नऊ पिशव्या, नऊ चिठ्ठ्या, सगळ्यांवर खोली नंबर एकोणीस, अक्षर तुमचं. वीस दिवस काही बोलले नाही, पन्नास दिवस बोलले नाही. उद्या काय करायचं ते सांगा. काढायच्या का?”

“नियम आहे,” मॅनेजर म्हणाला.

“तुमचाच आहे.”

“म्हणून तर.”

मावशी निघून गेल्या. मॅनेजर बारा नंबरच्या पलंगाच्या कडेला बसला आणि लगेच उठून चादरीवरची चुणी हातानं सपाट केली. उद्या कपाट उघडलं तर नियमाप्रमाणे सगळं जाणार होतं. न उघडलं तर एकतीस वर्षांचा नियम जाणार होता. आणि लेकीला सांगितलं तर काय जाईल याचा त्याला अंदाज येत नव्हता. एवढं मात्र स्वच्छ दिसत होतं की ती या खेपेला अशीच परतली, तर पुढच्या खेपेला ती दुसऱ्या लॉजमध्ये उतरेल.

संध्याकाळी ती आली. हातात एक बॅग, डोळ्यांखाली प्रवास. त्यानं रजिस्टर तिच्यापुढे फिरवलं. तिनं रकाने भरले. ‘कुठून आलात’ पुढे तिच्या शहराचं नाव. ‘येण्याचं कारण’ पुढे ‘ऑफिसचं काम’. ‘कायमचा पत्ता’ या रकान्याशी पेन थोडं थांबलं आणि मग तिथे एक आडवी रेघ आली.

“घरी खोली तयार आहे,” तो हळूच म्हणाला.

“माहितीय. म्हणूनच इकडे आले.”

“जेवलीस?”

“वाटेत.”

“आधी सांगितलं असतंस तर–”

“सांगितलं की. दुपारी फोन केला होता. तुम्ही स्पेलिंग विचारलंत.”

मॅनेजरनं किल्ली काउंटरवर ठेवली. दुसरं काही सुचेना म्हणून जे रोज सुचतं ते म्हणाला, “गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. चेक-आउट बारा वाजता.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आईलाही ठाऊक होतं.”

आणि बॅग उचलून जिना चढून गेली. तिनं ‘लिफ्ट बंद आहे’ या पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी ती पाटी वाचून ती रोज विचारायची, उद्या चालू होईल का?

त्यानंतर मॅनेजर घरी जाऊन बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला. तीन महिने तो तिथेच झोपत होता. आतली खोली तयार होती, आणि तयार केलेल्या खोलीत मॅनेजर झोपत नाही.

सकाळी साडेआठला तो काउंटरवर होता. मावशी रिकामी गोणी घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसल्या. आज दिवस भरलेल्या चिठ्ठ्या चौदा होत्या. तीन छत्र्या, एक चार्जर, एक पट्टा आणि एकोणीस नंबरच्या नऊ.

“काढू?” मावशींनी विचारलं.

मॅनेजरनं रजिस्टर बाजूला सारलं. फोन उचलला आणि बारा नंबर लावला.

“रिसेप्शनवरून बोलतोय,” तो म्हणाला. “आपल्या काही वस्तू राहिल्या आहेत. ओळख पटवून घेऊन जाव्यात.”

“बाबा, मी अजून खोलीतच आहे. राहतील कशा?”

“बारा नंबरमध्ये नाही. एकोणीस नंबरमध्ये.”

“इथे एकोणीस नंबर आहे?”

“इथे नाही,” तो म्हणाला.

पलीकडे फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला. मग जिन्यावर चपला वाजल्या. लेक खाली आली ती केस वर बांधून, खांद्यावर टॉवेल टाकून. अंघोळीच्या तयारीत असलेलं माणूस या काउंटरला नवं नव्हतं. मॅनेजरनं चष्मा नाकावर घेतला आणि दुसरं रजिस्टर उघडलं, लांबट, पाठीला कापडाची पट्टी असलेलं.

“वर्णन सांगावं लागेल,” तो म्हणाला. मान वर केली नाही.

लेक त्याच्याकडे पाहत राहिली. ओरडावं की परत फिरावं हे तिचं ठरत नव्हतं.

“सांगून टाक बाई,” मावशी पायरीवरून म्हणाल्या. “मालकांचा मेहुणा होता, त्यालासुद्धा सांगितल्याशिवाय मिळालं नाही.”

“काय सांगू?”

“वस्तू. एकेक करून.”

ती काउंटरला टेकली. “चष्मा,” ती शेवटी म्हणाली.

“कसा?”

“जाड काचांचा. डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला.”

“दोऱ्याचा रंग?”

“निळा. नाही, निळा आधी होता. मग काळा.”

मॅनेजरनं खूण केली.

“कंगवा. तीन दात पडलेले.”

“चार.”

“तीनच होते, बाबा.”

“चौथा शेवटच्या महिन्यात पडला.”

त्या महिन्यात ती इथे नव्हती. तिनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. “चार,” ती म्हणाली. त्यानं खूण केली.

“स्वेटर. तपकिरी. कोपराला हिरवं ठिगळ, कारण तपकिरी लोकर दुकानात मिळाली नाही.”

“मिळत होती. तिला जायचा कंटाळा आला होता.”

“खिशात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद.”

“किती?”

“बाबा.”

“चौदा,” त्यानं स्वतःच सांगितलं, आणि स्वतःच खूण केली. मावशींनी गोणीची घडी घातली.

“शब्दकोड्याची वही,” लेक म्हणाली. आता ती कुणी न विचारता बोलत होती. “सगळी कोडी अर्धी. आई फक्त उभे शब्द सोडवायची. आडवे तुम्ही सोडवाल म्हणून ठेवायची.”

मॅनेजरचं पेन थांबलं. “असं ती म्हणाली?”

“तुम्हाला कधी बोलली नाही?”

“मला वाटायचं, तिला आडवे येत नाहीत.”

बाहेर एक बस मागे येत होती आणि कुणीतरी तिच्या पत्र्यावर थापा मारत होतं. मॅनेजरनं खूण केली. मग औषधांची डबी, रबर बँडनं बांधलेली पत्रं, पायातले लोकरीचे मोजे, तुटक्या कानाचा चहाचा कप, उशाशी असायचा तो छोटा रेडिओ. एकेक वस्तू सांगताना तिचा आवाज खाली जात होता. नऊच्या नऊ खुणा झाल्या. मॅनेजर किल्ली घ्यायला वळला.

“अजून एक आहे,” ती म्हणाली. “उशीचा अभ्रा.”

तो तसाच पाठमोरा उभा राहिला. “कसा?” त्यानं विचारलं.

“पांढरा. कडेला पिवळी फुलं. मधोमध तेलाचा डाग, आईच्या डोक्याचा. त्याला तिचा वास यायचा.”

“तो कपाटात नाही.”

“कुठे आहे?”

“घरी. उशीला घातलाय.” मॅनेजर वळला. “धुतला मी तो.”

“धुतलात?”

“त्याच दिवशी. गरम पाण्यात सोडा घालून भिजवला.”

“डाग निघाला?”

“निघाला,” तो म्हणाला. एकतीस वर्षं हा शब्द त्यानं छाती पुढे काढून उच्चारला होता. या खेपेला तो तोंडातून पडल्यासारखा पडला.

लेकीनं मान हलवली. “बाकीचं मला काही नको होतं, बाबा. तिसऱ्या दिवशी मी तेवढ्यासाठी धावत आत गेले होते.”

मॅनेजर स्टुलावर बसला. काउंटरच्या मागे तो कधी पाहुण्यासमोर बसत नसे. मावशींनी तोंड दुसरीकडे केलं आणि जिन्याच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसायला घेतली.

“खोली झाल्यावर मी खुर्चीवर बसलो,” तो म्हणाला. “नेहमीसारखं विचारलं, कोण होतं इथे? खोली काही बोलली नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं. आठ महिने ती तिथे होती, आणि खोलीला काही म्हणता काही आठवेना. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.”

“आणि मग सामान इथे आणलंत? घरी कपाट नव्हतं?”

“होतं की.”

“मग?”

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडात धरून पाहिला. “घरचं सामान न्यायला कुणी येत नाही. इथे येतात. विसरलेलं न्यायला माणूस परत येतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.”

“नव्वदाव्या दिवशी कधी आलंय कुणी?” लेकीनं विचारलं. तिनं ते मावशींना विचारलं.

“नाही बाई,” मावशी कठडा पुसत म्हणाल्या. “येणारे पहिल्या चार दिवसांतच येतात.”

मॅनेजर उठला. जिन्याखालच्या कपाटाला किल्ली लावली. छत्र्या बाजूला सारून नऊ पिशव्या बाहेर काढल्या आणि एका खोक्यात नीट रचल्या. जड खाली, नाजूक वर. लेकीनं वरच्या पिशवीतून स्वेटर काढला आणि तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली घेतला.

“छत्र्यांचा वास येतोय,” ती म्हणाली.

तरी तिनं तो अंगात घातला. बाह्या तिला आखूड झाल्या. हिरवं ठिगळ कोपराच्या खूप वर आलं. मॅनेजरनं रजिस्टर पुढे केलं आणि तिनं सही केली. ‘वस्तूच्या मालकाशी नातं’ या रकान्यात तिनं ‘मुलगी’ लिहिलं. त्यानं शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं. एरवी तो टिपकागद दाबतो.

ती खोकं उचलून जिन्याकडे निघाली. तेव्हा त्याला कळलं की आता बोललं नाही तर राहून जाईल, आणि असल्या राहून गेलेल्या गोष्टींना ठेवायला त्याच्याकडे कपाट नव्हतं.

“आजची रात्र घरी राहा,” तो म्हणाला. “आतल्या खोलीत. चष्मा फ्रीजवर ठेव. वही फडताळात टाक. कंगवा खिडकीत. जिथे बसशील तिथे काहीतरी ठेवून ऊठ. मी काही उचलणार नाही.”

मावशींचं फडकं थांबलं.

लेक तीन पायऱ्या चढली होती. ती वळली नाही, पण थांबली. खोक्यात कपाचा तुटका कान कशावर तरी किणकिणला. मॅनेजर काउंटरची कड धरून उभा होता. ती हो म्हणेल, नाही म्हणेल, बघते म्हणेल, या तिन्हींची त्यानं मनात तयारी केली. चौथ्याची केली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली.

“हं?”

“बाराच्या बाथरूममध्ये मग नाहीये. तेवढा वर पाठवता का?”